पुनर्स्थापित वन्यप्राण्यांचे नैसर्गिक अधिवासाशी अनुकूलन : बोर्निओचा ओरांगउटान आणि महाराष्ट्राचा वाघ-बिबट्या

प्रस्तावना

सोलापूर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, कर्नाटकच्या सीमेलगत मैंदर्गी व अक्कलकोटचा परिसर आहे. ज्वारी-तुरीची शेते, मुरमाड माळ, तुरळक बाभळी, काळवीट आणि लांडगा हे येथील निसर्गाचे परिचित रूप होय. वाघ हा या भागात पाठ्यपुस्तकातील प्राणी. त्यामुळे डिसेंबर २०२४ मध्ये जिल्ह्याच्या उत्तरेकडील बार्शी तालुक्यालगत, येडशी-रामलिंग अभयारण्याच्या परिसरात वाघाचे छायाचित्र मिळाले, तेव्हा सर्वांनाच आश्चर्य वाटले. हा वाघ यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून चारशेहून अधिक किलोमीटर चालत आला होता. त्यास पकडून सह्याद्रीत सोडण्याचा निर्णय झाला. अनेक आठवडे प्रयत्न होऊनही तो हाती लागला नाही.

स्वतःहून आलेला प्राणी परक्या मुलखात टिकतो आणि माणसाने काळजीपूर्वक नेऊन सोडलेला प्राणी कित्येकदा टिकत नाही, असे का व्हावे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार पुनर्स्थापनेच्या इतिहासाच्या आधारे केला आहे. या विषयाचा दीर्घ आणि तपशीलवार अनुभव ओरांगउटान या वानराच्या बाबतीत उपलब्ध असल्याने प्रारंभ तेथून करणे उचित ठरेल.

ओरांगउटान : आईवाचून शिकलेले जंगल

ओरांगउटान आज केवळ बोर्निओ व सुमात्रा या दोन बेटांवर आढळतो. पिलू सहा ते आठ वर्षे आईसोबत राहते. या काळात शेकडो प्रकारच्या वनस्पतींपैकी कोणती फळे केव्हा पिकतात, काटेरी तालवृक्षाचा गाभा कसा काढावा, फळे नसतील त्या महिन्यांत कोणत्या झाडाची साल सोलून आतील थर चावावा, रोज सायंकाळी फांद्या मोडून झोपण्याचे घरटे कसे बांधावे, हे सर्व ते आईकडे पाहून शिकते. आईला मारून पिलू पळविणाऱ्या शिकाऱ्यामुळे त्या पिलाची ही सारी शाळाच बंद पडते.

अशा अनाथ पिलांना जंगलात परत पाठविण्याचे पहिले प्रयत्न बार्बरा हॅरिसन यांनी सारावाकमध्ये केले. १९६४ मध्ये सबाह प्रांतात सेपिलोक येथे केंद्र सुरू झाले. १९७१ मध्ये बिरुटे गाल्डिकास यांनी इंडोनेशियातील तांजुंग पुटिंग येथे कार्यास प्रारंभ केला, तर १९७३ मध्ये सुमात्रातील बोहोरोक येथे दोन स्विस संशोधिकांनी केंद्र उभारले. या पहिल्या पिढीच्या कार्यामागील समजूत साधी होती : प्राणी मुळात जंगलाचा आहे, पिंजऱ्याचे दार उघडले की त्याचे उपजत ज्ञान जागे होईल. प्रत्यक्षात अनेक प्राणी केंद्राजवळच रेंगाळत, ठरलेल्या वेळी केळी व दूध घेण्यास येत आणि झाडांऐवजी जमिनीवर अधिक वेळ काढीत. माणसाची भीती त्यांना उरलेली नव्हती, आणि जंगलात हाच मोठा धोका होता.

दुसरी अडचण अधिक गंभीर होती. हे प्राणी ज्या अरण्यात सोडले जात तेथे मूळचे ओरांगउटान नांदत होतेच. माणसाच्या सहवासात लागलेले क्षयासारखे रोग त्यांच्यात पसरण्याची भीती होती. शिवाय खाद्याची व जागेची वाटणी आधीच झालेली असे. हे ध्यानी घेऊन १९९१ मध्ये पूर्व कालिमंतानातील वानारिसेट येथे नवी पद्धत अवलंबण्यात आली : प्रथम रोगतपासणी व विलगीकरण, नंतर समवयस्कांच्या गटात संगोपन आणि शेवटी मूळ प्रजा नसलेल्या वनात मुक्तता. १९९५ मध्ये इंडोनेशिया सरकारने हाच नियम केला. २००३ पासून सुमात्रातील बुकित तिगापुलुह या ओरांगउटान नसलेल्या अरण्यात प्राणी सोडण्यात येऊ लागले आणि तेथे पुढे जन्मही नोंदले गेले. अ‍ॅन रसन यांच्या निरीक्षणांतून असेही दिसून आले की, मुक्त केलेले प्राणी एकमेकांकडे पाहून खाद्याचे ज्ञान मिळवितात. म्हणजे आईची जागा काही अंशी सोबती घेऊ शकतो. रिकाम्या वनाची जागा मात्र दुसरे काहीच घेऊ शकत नाही.

जुन्नरचे बिबटे

महाराष्ट्रातील अनुभव वेगळ्या टोकापासून सुरू होतो. येथे अनाथ पिलांपेक्षा प्रौढ, रानात वाढलेल्या प्राण्यांना हलविण्याचा प्रश्न प्रथम उभा राहिला. पाटपाण्याबरोबर ऊस वाढलेल्या जुन्नर परिसरात बिबट्या उसाच्या फडातच वाढू लागला. २००१ ते २००३ या काळात येथील २९ बिबटे पकडून सरासरी चाळीस किलोमीटर अंतरावरील जंगलात सोडण्यात आले. विद्या अत्रेय व सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार, पूर्वी वर्षाला सरासरी ४ असलेले माणसांवरील हल्ले त्यानंतर १७ वर गेले. बिबट्याला जंगल दिले म्हणजे तो सुखी होईल ही अपेक्षा येथे सपशेल चुकली. उसात वाढलेल्या बिबट्याचे घर ऊस हेच होते, हे मान्य करण्यास वनव्यवस्थापनाला बरीच किंमत मोजावी लागली. ती किंमत प्रत्यक्षात गावकऱ्यांनी मोजली, हेही नमूद केले पाहिजे.

पुढे २००९ मध्ये पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत सापडलेल्या एका वयस्क बिबट्याच्या गळ्यात संदेशपट्टा बांधून त्यास माळशेज घाटात सोडण्यात आले. संशोधकांनी 'आजोबा' असे नाव दिलेला हा प्राणी तेथे थांबला नाही. रेल्वेमार्ग, महामार्ग आणि वस्त्या ओलांडीत सुमारे १२० किलोमीटर चालून तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. वाटेत त्याने एकाही माणसास इजा केली नाही. २०११ मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेने त्याचा मृत्यू झाला.

पन्ना आणि पेंच : दोन अनाथ, दोन निष्पत्ती

२००९ पर्यंत मध्य प्रदेशातील पन्ना व्याघ्र प्रकल्प वाघशून्य झाला होता. त्याच वर्षी बाहेरून वाघ आणण्यास प्रारंभ झाला. मध्य प्रदेशातील पेंचमधून आणलेला टी-३ हा नर काही दिवसांतच बाहेर पडून आपल्या मूळ मुलखाच्या दिशेने शेकडो किलोमीटर चालत गेला. त्यास पुन्हा पकडून आणावे लागले. त्यानंतर मात्र तो स्थिरावला आणि एप्रिल २०१० मध्ये तेथे बछडे जन्मले. २०११ मध्ये कान्हा येथे माणसांनी वाढविलेल्या दोन अनाथ बहिणी पन्नात सोडण्यात आल्या. आईवाचून वाढलेल्या वाघिणी जंगलात टिकणार नाहीत, असा अनेकांचा कयास होता. त्या टिकल्या, आणि त्यांना पिल्लेही झाली.

याच्या शेजारी महाराष्ट्रातील प्रसंग ठेवून पाहणे उद्बोधक ठरेल. यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा-राळेगाव परिसरात तेरा माणसांच्या मृत्यूस जबाबदार धरलेली 'अवनी' ही वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी गोळी घालून मारण्यात आली. तिच्या मादी बछड्यास डिसेंबरमध्ये पकडून नागपूर जिल्ह्यातील पेंच प्रकल्पात बंदिस्त आवारात ठेवण्यात आले. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या कार्यपद्धतीनुसार अशा बछड्यास किमान दोन वर्षे आवारात वाढवावे आणि त्याने किमान पन्नास यशस्वी शिकारी केलेल्या असाव्यात, असा दंडक आहे. हे बछडे दोन वर्षांहून अधिक काळ आवारात राहिले व शिकार शिकले. ५ मार्च २०२१ रोजी त्यास मुक्त करण्यात आले. अवघ्या काही दिवसांत ते गंभीर जखमी अवस्थेत सापडले आणि त्याच महिन्याच्या मध्यास गोरेवाडा येथे उपचार सुरू असताना मृत्यू पावले. त्या क्षेत्रातील दुसऱ्या वाघिणीशी झालेली झुंज हे कारण देण्यात आले.

या बछड्यास शिकार येत नव्हती असे म्हणता येणार नाही. पन्नाच्या बहिणी त्याच्यापेक्षा अधिक कुशल होत्या असे मानण्यासही आधार नाही. फरक वनाचा होता. पन्ना नुकतेच वाघांविना राहिलेले असल्याने तेथे सीमा आखून बसलेल्या वाघिणी फारच थोड्या होत्या, तर पेंचमध्ये जागेला धनीण होती. कुंपणाआडून चितळ धरणे शिकविता येते. परंतु झाडावरील ओरखडे, मूत्राचा गंध, रात्रीची डरकाळी यांवरून 'येथे दुसरी राहते, मागे फिर' हे ओळखणे आईच्या मागे हिंडताना, तिच्या माघारी व तिच्या हल्ल्यांतूनच शिकले जात असावे. पन्नास शिकारींचा दंडक या ज्ञानाची मोजदाद करीत नाही. तो पोट भरण्याची परीक्षा घेतो, शेजाराची नाही. इंडोनेशियाने १९९५ मध्ये ओरांगउटानांसाठी जी अट घातली होती, तिचे महत्त्व येथे वाघाच्या संदर्भात पुन्हा प्रत्ययास येते.

सह्याद्री आणि येडशी

२०१० मध्ये घोषित झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात कोयना व चांदोली यांचा समावेश होतो. तेथे दक्षिणेकडून आलेले मोजके नर वाघ वावरत होते. नर वाघ जन्मस्थानापासून फार दूर जातो, मादी सहसा आईच्या क्षेत्रालगत राहते. त्यामुळे अशा ठिकाणी नर पोहोचतात आणि वंश मात्र पुढे सरकत नाही. केंद्र शासनाने ताडोबा व पेंच परिसरांतून एकूण आठ वाघ आणण्यास परवानगी दिली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये पहिली वाघीण चांदोलीत आणण्यात आली. तिला थेट न सोडता प्रथम तेथील बंदिस्त आवारात ठेवण्यात आले. ही वाघीण प्रौढ, रानात आईजवळ वाढलेली, आणि त्या वेळी तिला भांडावयास दुसरी मादी समोर नव्हती. पन्नातील यशामागील अनुकूल स्थिती येथे बऱ्याच अंशी आढळते. घरच्या दिशेने चालत सुटण्याचा टी-३ चा धोका मात्र उरतोच, कारण चंद्रपूर आणि सह्याद्री यांच्या पावसात, झाडोऱ्यात व चढउतारांत मोठे अंतर आहे.

येडशीच्या वाघाची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. त्याने मुलूख स्वतः निवडला, वाट स्वतः शोधली, गुरे आणि रानडुकरे यांवर गुजराण केली आणि त्याला हाकलणारा प्रतिस्पर्धीही तेथे नव्हता. २०१९ मध्ये टिपेश्वरहूनच निघून बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचलेल्या वाघाचेही असेच होते. ज्ञानगंगेचे क्षेत्र सुमारे २०५ चौरस किलोमीटर, तर येडशीचे अवघे २२ चौरस किलोमीटर आहे. दोन्ही ठिकाणी नर पोहोचला, स्थिरावला. वाघीण मात्र एकाही ठिकाणी नव्हती.