चोरीस पाव

चोरीस पाव हा गोव्यातील ख्रिस्ती समाजाच्या स्वयंपाकातून आलेला आणि मुंबईतील गोवेकरांमुळे तेथेही रुळलेला खाद्यपदार्थ आहे. मसाला व व्हिनेगर लावून आतड्याच्या आवरणात भरलेले, वाळवलेले व धुरावलेले डुकराचे मांस म्हणजे चोरीस. ते कांद्यासोबत शिजवून पावात भरले की चोरीस पाव होतो. पावात मांसाची सळी घालून खाण्याचा जगभर पसरलेला अमेरिकी प्रकार म्हणजे हॉट डॉग. चोरीस पाव हा त्याचा कोकण किनाऱ्यावरील सर्वांत जवळचा नातेवाईक मानता येईल. मात्र दोघांचा उगम व शिजवण्याची रीत पूर्णपणे वेगळी आहे.

नाव

'चोरीस' हा शब्द पोर्तुगीज भाषेतील 'शोरिसू' या शब्दाचे कोकणी रूप होय. कोकणीत एकवचनी 'चोरिस' आणि अनेकवचनी 'चोरिसां' असे म्हणतात. 'पाव' हा शब्दही पोर्तुगीजच आहे. वडापाव, मिसळपाव व पावभाजी या मराठी नावांत तो इतका मिसळून गेला आहे की त्याचे परकेपण कुणाच्या ध्यानात येत नाही. मुंबईत इंग्रजीच्या प्रभावामुळे या पदार्थास 'गोवा सॉसेज पाव' असेही म्हटले जाते.

इतिहास

पोर्तुगालमध्ये शोरिसू करताना मांसाला मीठ, लसूण, लाल मिरचीची सौम्य पूड आणि द्राक्षाची वारुणी लावतात व नंतर ते धुरावतात. गोव्यात द्राक्षे नव्हती, माड मात्र होते. त्यामुळे वारुणीची जागा माडाच्या सुरेपासून केलेल्या व्हिनेगरने घेतली. पोर्तुगीजांनीच अमेरिका खंडातून आणलेली मिरची येथे सढळ हाताने पडू लागली आणि तिच्या जोडीला मिरे, लवंग, दालचिनी, जिरे, हळद व आले आले. 'विन्या द आल्योस' (वारुणी आणि लसूण) या पोर्तुगीज प्रकारातून विंदालू घडला तोही याच अदलाबदलीतून. आज गोव्याचे चोरीस पोर्तुगीज शोरिसूपेक्षा अधिक आंबट, अधिक तिखट व आकाराने बरेच लहान असते.

डुकराचे मांस खाणे वा न खाणे हा त्या काळी केवळ आवडीचा प्रश्न नव्हता. इबेरियातील धर्मन्यायपीठाच्या (इन्क्विझिशन) काळात धर्मांतरित ज्यूंनी डुकराचे मांस टाळले तर त्यांच्यावर संशय घेतला जाई. डुकराच्या मांसाऐवजी कोंबडी व पाव वापरून केलेला 'अल्येइरा' हा पोर्तुगीज सॉसेजचा प्रकार या भीतीतूनच जन्मला, अशी तेथील परंपरागत समजूत आहे. गोव्यात धर्मन्यायपीठ १५६० साली स्थापन झाले व काही वर्षांचा खंड वगळता १८१२ पर्यंत चालू राहिले. मुसलमान आणि बहुसंख्य हिंदू डुकराचे मांस वर्ज्य मानत असल्यामुळे चोरीस, सरपोटेल यांसारखे पदार्थ हळूहळू ख्रिस्ती घराची ओळख बनले. लग्नाच्या किंवा सणाच्या जेवणात त्यांना आजही जो मान आहे, त्यामागे चवीइतकीच ही ओळखही आहे.

पुरुमेंत

पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, मासळी दुर्मीळ होते आणि पूर्वी खेडोपाड्यांतील बाजारही ओस पडत. या चार महिन्यांसाठी उन्हाळ्याच्या अखेरीस जी साठवण केली जाते, तिला गोव्यात 'पुरुमेंत' म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज 'प्रोविमेंतू' म्हणजे तरतूद या शब्दापासून आला. सुकी मासळी, आमसुले, मिरच्या, कांद्याच्या माळा, उकडे तांदूळ यांच्या बरोबरीने चोरिसांच्या माळा या साठवणीत असत. मडगाव येथील होली स्पिरिट चर्चचे फेस्त 'पुरुमेंताचें फेस्त' म्हणून ओळखले जाते, कारण त्या निमित्ताने भरणाऱ्या बाजारात ही सारी खरेदी होत असे. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार चोरिसांसाठी विशेष प्रसिद्ध आहे. तेथे लाल मण्यांच्या जपमाळेसारख्या दिसणाऱ्या माळा टांगून विकतात. कोकणातील घरात बेगमीला जे स्थान आहे, तेच येथे पुरुमेंताला आहे. फरक इतकाच की त्यात पापड-कुरडयांशेजारी डुकराचे मांसही असते.

चोरीस करण्याची पद्धत

मांसाचा खिमा करत नाहीत, त्याचे बोटाच्या पेराहून लहान तुकडे करतात. हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण हॉट डॉगच्या सळीत मांस लोण्यासारखे बारीक वाटलेले असते, तर चोरिसात मांस आणि चरबी दाताला वेगवेगळी लागते. तुकड्यांना जाड मीठ चोळून वजनाखाली ठेवतात, म्हणजे त्यांतील पाणी निघून जाते. नंतर ते उन्हात सुकवतात. मसाला पाण्याचा थेंबही न वापरता व्हिनेगरमध्येच वाटतात. पाणी गेले तर माल टिकत नाही. काही घरांत मसाल्यात थोडी काजूची फेणीही घालतात. मसाला मुरल्यावर मांस स्वच्छ केलेल्या आतड्यात भरून सुतळीने ठरावीक अंतरावर बांधतात व पुन्हा उन्हात किंवा चुलीवरच्या धुरात टांगतात.

मीठ, आम्ल, ऊन आणि धूर या चौघांमुळे हे मांस शीतकपाटाविना काही महिने टिकत असे. गॅसच्या शेगड्या आल्यावर घरातून चूल गेली आणि तिच्याबरोबर धूरही गेला. त्यामुळे आज घरी चोरीस करणारी कुटुंबे थोडी राहिली असून बहुतेक घरे ते विकतच आणतात. बाजारातील मालात चरबीचे प्रमाण व आंबटपणा विक्रेत्यागणिक बदलतो आणि जुनी गिऱ्हाइके ठरलेला विक्रेता सहसा सोडत नाहीत.

शिजवणे

चोरीस हे शिजवलेले नसते, केवळ मुरवलेले व वाळवलेले असते. यामुळे ते कच्चे खाऊ नये. डुकराच्या मांसातून पट्टकृमी व अन्य परजीवी शरीरात जाण्याचा धोका असतो आणि तो पूर्ण शिजवल्यानेच टळतो. हॉट डॉगची सळी मात्र कारखान्यातच शिजवून येते, म्हणून ती नुसती गरम केली तरी चालते. दोन्ही पदार्थ सारखेच समजून चोरीस तव्यावर नुसते परतणे ही नवख्यांची नेहमीची चूक होय.

रूढ पद्धत अशी: सुतळी व आवरण काढून मांस मोकळे करतात. भांड्यात ते थोड्या पाण्यासह मंद आचेवर ठेवतात. तेल घालण्याची गरज नसते, कारण पाणी आटू लागताच चरबी वितळून लाल तवंग सुटतो. त्यातच भरपूर उभा चिरलेला कांदा घालतात. मीठ चाखल्याशिवाय घालत नाहीत. अनेक घरांत बटाट्याच्या फोडीही टाकतात. त्या तिखट व खारटपणा शोषून घेतात आणि थोड्या चोरिसात अधिक माणसांचे भागते. काहीजण आवरण न काढता चोरिसे अख्खीच उकळतात. तसे केल्यास मांस रसाळ राहते, पण पावात भरण्यासाठी मोकळे मांसच सोयीचे. शेवटी रस्सा जवळजवळ आटलेला, तरीही पाव ओला करण्याइतका शिल्लक असावा लागतो.

चोरीस भातात घालून पुलाव करतात, तसेच ते कडधान्यासोबत फेजुआदातही पडते.

पाव आणि जोडीचे पदार्थ

गोव्यात पावाचे अनेक प्रकार आहेत: चौकोनी मऊ पाव, कोंड्याची पोकळ पोई, कडक कवचाचा गोल उंडो, बांगडीच्या आकाराचे काकण. हे सारे भाजणाऱ्याला 'पोदेर' म्हणतात. पूर्वी पीठ सुरेने फुगवत, आता बहुतेक ठिकाणी यीस्ट वापरतात. चोरिसासाठी उंडो सर्वांत योग्य ठरतो. त्याचे कवच लाल तेलाला धरून ठेवते आणि आतला मऊ भाग ते शोषतो. मुंबईचा लादीपाव चवीला कमी नसला तरी तेल लागताच लवकर विरघळतो, म्हणून तो आधी तव्यावर शेकून घेणे इष्ट.

वरून घालायच्या पदार्थांबाबत गोवेकर फारसे उदार नाहीत. कच्चा कांदा, तोही शक्यतो व्हिनेगरमध्ये मुरवलेला, क्वचित हिरवी मिरची किंवा लिंबाची फोड, इतकेच पुरेसे मानले जाते. टोमॅटो केचअप घालणे अनेकांना रुचत नाही. योगायोगाने शिकागो शहरातही हॉट डॉगवर केचअप घालणे गैर मानतात. तेथे मोहरीची चटणी, कांदा, टोमॅटो, काकडीचे लोणचे व मिरच्या चालतात. अलीकडे उपाहारगृहांत चोरीस पावात चीज किंवा अंडे घालण्याची पद्धत आली आहे. अंडे त्याला शोभते. चीज मात्र मूळच्या चरबीवर आणखी चरबी चढवते आणि व्हिनेगरचा आंबटपणा झाकून टाकते. गोव्यातील शहरांत संध्याकाळी लागणाऱ्या गाड्यांवर रस ऑम्लेटच्या शेजारी चोरीस पाव मिळतो.

मुंबई आणि कुर्ला

गोव्यातून नोकरीसाठी व जहाजावर चढण्यासाठी मुंबईत येणारे पुरुष धोबी तलाव, माझगाव या भागांतील गावोगावच्या 'कुडां'मध्ये म्हणजे सामायिक निवासांत राहत. गावाहून येणाऱ्याच्या पेटीत चोरिसांची माळ असणे हे ठरलेलेच होते. १९९८ मध्ये कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग सुरू झाल्यावर हा प्रवास एका रात्रीचा झाला. या मार्गावरील अनेक गाड्या कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून सुटतात. या स्थानकाचे पूर्वीचे नाव कुर्ला टर्मिनस असे होते. उन्हाळी सुटीनंतर परतणाऱ्यांच्या सामानाला व्हिनेगर व लसणाचा वास येतो, तो वर्तमानपत्राच्या कितीही घड्यांत गुंडाळला तरी लपत नाही.

कुर्ल्याची स्वतःची ख्रिस्ती परंपरा गोव्याहून वेगळी आहे. हे गाव साष्टी बेटाचा भाग असून १७३९ मधील मराठ्यांच्या विजयापर्यंत तेथे पोर्तुगीजांचा अंमल होता. होली क्रॉस चर्चच्या आसपास राहणारे मूळचे रहिवासी हे ईस्ट इंडियन समाजाचे असून ते मराठीची एक बोली बोलतात. समाजाने हे नाव १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या सुमारास स्वीकारले. सरपोटेल व विंदालू त्यांच्याकडेही होतात, परंतु त्यांच्या स्वयंपाकाची खूण म्हणजे बाटलीत भरून ठेवलेला 'बाटली मसाला', आणि सणाला पावाऐवजी फुगे तळतात. चोरीस त्यांच्या ताटात आले ते मुख्यतः शेजारी राहणाऱ्या गोवेकरांमुळे.

अन्य रूपे

डुकराचे मांस न खाणाऱ्यांसाठी कोंबडीचे चोरीस बाजारात मिळते. सोयाबीनच्या वड्यांना तोच मसाला लावून केलेले शाकाहारी चोरीसही गोव्यात लोकप्रिय आहे. त्यात चरबी नसल्यामुळे तेल वेगळे घालावे लागते. भारतात 'हॉट डॉग' या नावाने विकले जाणारे सर्वच पदार्थ सॉसेजचे असतात असेही नाही. इंदूरच्या छप्पन दुकान भागातील प्रसिद्ध 'हॉट डॉग' हा गोल पावात टिक्की, अंडे किंवा मटणाची वडी घालून तव्यावर शेकलेला पदार्थ आहे, आणि त्यात सॉसेज मुळीच नसते.