सिअ‍ॅटल, जुलै १९०१

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांचा १८९वा खंड उघडला की ८६व्या पानावर ‘यामाताया विरुद्ध फिशर’ हा खटला सुरू होतो. त्यातल्या तारखा आधी नीट पाहायला हव्यात. ११ जुलै १९०१च्या सुमारास काओरू यामाताया ही जपानी स्त्री सिअ‍ॅटल बंदरात उतरली. १५ जुलैच्या सुमारास इमिग्रेशन इन्स्पेक्टर फिशर यांनी चौकशी करून ठरवलं, की ही कंगाल आहे, उद्या सरकारच्या गळ्यात पडेल, सबब तिचा प्रवेश बेकायदा. कागद वॉशिंग्टनला गेले आणि २३ जुलैला अर्थमंत्र्यांचं वॉरंट निघालं: हिला जपानला परत पाठवा. पाऊल टाकल्यापासून बारा दिवसांत सगळं आटोपलं.

इथे अर्थमंत्री येतात ते १८९१च्या कायद्यामुळे. स्थलांतरितांचं खातं तेव्हा त्यांच्याकडे होतं. इन्स्पेक्टरने ठरवायचं, आणि दाद मागायची ती खात्यातच, वरिष्ठांकडे. बेकायदा आलेल्या माणसाला वर्षभराच्या आत परत धाडण्याची मुभाही याच कायद्याने दिली होती.

यामातायाने हेबियस कॉर्पसचा अर्ज केला. त्यातलं तिचं म्हणणं निकालपत्रात नोंदलेलं आहे, आणि माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा मजकूर तोच आहे. मला इंग्रजी येत नाही. विचारलेल्या प्रश्नांचा रोख मला कळला नाही. ही चौकशी मला देशाबाहेर काढण्यासाठी चालली आहे, याची मला कल्पनाच नव्हती. वकील नव्हता. चौकशी कसली, चौकशीचा देखावा होता. हे सगळं खरं असलं तरी कोर्टाने यात पडायचं कारण नाही, असा सरकारचा पवित्रा होता. खालच्या कोर्टाने तो मान्य केला आणि तिला पुन्हा फिशर यांच्या ताब्यात दिलं.

अशा माणसाला घटनेचं काही संरक्षण असतं का, हा प्रश्न तेव्हा नवा नव्हता. दहा वर्षांपूर्वी, मे १८९१मध्ये, योकोहामाहून सॅन फ्रान्सिस्कोला आलेल्या निशिमुरा एकिऊ या पंचवीस वर्षांच्या स्त्रीला बंदरातच अडवलं होतं. जवळ बावीस डॉलर. नवरा एका वर्षापासून इथेच आहे, त्याचा पत्ता ठाऊक नाही, हॉटेलात उतरून वाट पाहीन, असं तिने सांगितलं. बोटीवर ठेवण्यापेक्षा बरं म्हणून तिला शहरातल्या एका मिशनच्या घरात ठेवलं. पण १८९२च्या निकालाने ठरवलं, की तिथे राहिली तरी कायद्याच्या लेखी ती उतरलेलीच नाही. दारावरच्या माणसाला अधिकारी जी वागणूक देईल तीच त्याच्यापुरती रीतसर प्रक्रिया. पाय जमिनीवर आणि कायद्याने मात्र ती समुद्रातच, ही कल्पना मी कितीदा वाचली तरी मला अस्वस्थ करते.

यामाताया मात्र दाराच्या आत आली होती. ६ एप्रिल १९०३ला न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन यांनी बहुमताचा निकाल दिला. १८९६मध्ये काळ्या-गोऱ्यांना वेगळं बसवणाऱ्या रेल्वेच्या कायद्याविरुद्ध एकट्याने मत नोंदवणारे हेच हार्लन. त्यांनी लिहिलं, की देशात आलेल्या, इथल्या लोकसंख्येचा भाग झालेल्या परकीयाला, तो बेकायदा आला असा आरोप असला तरी, इथे राहण्याच्या हक्काबद्दल बाजू मांडण्याची संधी न देता पकडून हद्दपार करण्याची मनमानी सत्ता कोणाही अधिकाऱ्याला असू शकत नाही. त्यामागे पाचवी घटनादुरुस्ती होती. तिच्यात शब्द ‘नागरिक’ नाही, ‘व्यक्ती’ आहे. न्यायालयाने १९९३मध्ये, हद्दपारीत परकीयालाही रीतसर प्रक्रियेचा हक्क आहे हे सांगताना याच निकालाचा आधार घेतला.

बहुतेक लिखाणात यामातायाची गोष्ट इथेच थांबते. पण निकालपत्राची पानं अजून शिल्लक आहेत, आणि तिचा अर्ज तिथे फेटाळला आहे. संधी म्हणजे कोर्टासारखी रीतसर सुनावणी असलीच पाहिजे असं नाही. कायद्याला हवी तशी झटपट कारवाई करता आली पाहिजे. चौकशी चालू असल्याची सूचना, औपचारिक नसली तरी, तिला मिळालेली होती. तक्रार होती तर ती त्याच अधिकाऱ्याकडे किंवा मंत्र्यांकडे मांडता आली असती. आणि इंग्रजी न येण्यामुळे चौकशीत ती कमी पडली असेल, तर ते तिचं दुर्दैव. मूळ इंग्रजीतही शब्द अगदी हाच आहे, मिसफॉर्च्युन.

कशाबद्दल चौकशी चालली आहे हेच ज्याला कळलेलं नाही, त्याने वरच्या अधिकाऱ्याकडे तक्रार तरी कशाची करायची? भाषा न कळणं हे तिचं दुर्दैव मानलं, की ऐकून घेण्याच्या हक्कात उरतं काय? समोरच्याला प्रश्न समजला आहे याची खात्री करणं हा दयेचा भाग नाही, ऐकण्याचाच भाग आहे. ब्रुअर आणि पेकहॅम या दोन न्यायमूर्तींनी विरोध नोंदवला, पण कारणं लिहिली नाहीत. ब्रुअर यांनी १८९३मध्ये चिनी मजुरांच्या हद्दपारीविरुद्ध सविस्तर लिहिलं होतं. इथे फक्त एका ओळीत त्यांचं नाव आहे.

याच निकालात आणखी एक गाठ न सोडवता ठेवलेली आहे. चोरून आलेला आणि इथल्या लोकांत मिसळण्याइतका काळ न राहिलेला माणूस हा हक्क मागू शकतो का, हा प्रश्न हार्लन यांनी मुद्दाम बाजूला ठेवला. सरहद्दीपासून जेमतेम पंचवीस यार्ड आत पकडलेल्या, आश्रय मागणाऱ्या एका श्रीलंकन तमिळ माणसाच्या प्रकरणात जून २०२०मध्ये या प्रश्नाला उत्तर मिळालं: तो दारावरचाच माणूस. निशिमुराला लावलेला नियम त्यालाही लागला.

पाच वर्षांनी, मे २०२५मध्ये, १७९८च्या कायद्याखाली बाहेर काढल्या जाणाऱ्या व्हेनेझुएलन लोकांच्या प्रकरणात न्यायालयाने बजावलं, की सुमारे चोवीस तास आधी हातात ठेवलेली, दाद कशी मागायची हेही न सांगणारी नोटीस पुरेशी नाही. सिअ‍ॅटलच्या चौकशीत तर तेवढाही कागद नव्हता. १८९व्या खंडात यामातायाचं जे म्हणणं आहे तेही अर्जातून उतरलेलं आहे, तिला न येणाऱ्या इंग्रजीत.