आनंद दिघे: फ्रॅक्चर, हार्ट अटॅक आणि न थांबलेली कुजबुज

सिनेमातल्या स्टारच्या गूढ मृत्यूची चर्चा निघाली की दिव्या भारतीचं नाव येतं. पण ठाणे, कल्याण, डोंबिवलीत अशी चर्चा निघते ती नट नसलेल्या माणसाची. शिवसेनेचे ठाणे जिल्हाप्रमुख आनंद दिघे. त्यांच्यावर ‘धर्मवीर’ हा सिनेमा आला २०२२ मध्ये, पण इथे ते हयातीतच स्टार होते.

आधी घटनाक्रम बघू. २४ ऑगस्ट २००१, गणपतीचे दिवस. ठाण्यात दिघेंच्या गाडीला अपघात झाला, पाय मोडला. त्यांना सिंघानिया हॉस्पिटलमध्ये नेलं. २६ तारखेला पायाचं ऑपरेशन झालं, संध्याकाळी हृदयविकाराचा झटका आला आणि रात्री मृत्यू जाहीर झाला.

लोकांचा प्रश्न साधा होता: पाय मोडून माणूस मरतो का हो? या एका प्रश्नातून दोन संशय निघाले. एक, उपचारात हयगय झाली. दुसरा, घातपात झाला. कुणी विरोधकांकडे बोट दाखवलं, कुणी पक्षातल्याच माणसांकडे.

आता तपासू. मांडीचं किंवा नडगीचं हाड मोडलं की रक्ताची गुठळी किंवा हाडातली चरबी रक्तातून फुप्फुसात जाऊ शकते. मग हृदयावर ताण येतो, दोन-तीन दिवसांतही जीव जाऊ शकतो. दिघेंचं हेच झालं, असं मी म्हणत नाही. पण ‘पाय मोडून कुणी मरत नाही’ हा घातपाताच्या गोष्टीचा पायाच मुळात कच्चा आहे, एवढं नक्की.

दुसरी खूण वेळेची. हे आरोप पुन्हा डोकं वर काढतात ते बहुतेक वेळा राजकारण तापलं की. तेव्हा ऐकताना विचारायचं: कोण बोलतंय, आत्ताच का बोलतंय, हातात कागद काय आहे?

कारण संशयाची किंमत ठाण्याने त्याच रात्री मोजली. चिडलेल्या जमावाने हॉस्पिटल फोडलं, जाळलं. आतल्या पेशंटना, ज्यांचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता, दुसरीकडे हलवावं लागलं. टेंभी नाक्यावर रोज दरबार भरवून लोकांची गाऱ्हाणी ऐकणाऱ्या माणसाच्या नावाने शहराने स्वतःचंच एक मोठं हॉस्पिटल गमावलं.

दिघेंचा मृत्यू गूढ होता की नाही, यावर वाद चालू राहील. त्या पेशंटचं काय झालं, हे मात्र कुणी विचारत नाही. मला तरी मोठा प्रश्न तो वाटतो.