एक रात्र बाहेरगावी जाताय? कोंबड्यांची सोय अशी लावा

यवतमाळ : नात्यातलं लग्न असो, माहूरचं दर्शन असो की नागपूरच्या दवाखान्याची फेरी, एक मुक्काम तर होतोच. निघताना गाय-बैलांचं चारापाणी आपण आठवणीने शेजारी सांगून जातो. कोंबड्यांचं मात्र मूठभर दाणे जास्त टाकले की झालं, असं वाटतं. दुसऱ्या दिवशी परत यावं तर अंगणात नुसती पिसं! लेकराबाळांनी हौसेने पाळलेल्या छोट्या बँटम कोंबड्या असोत की घरच्या बाईच्या हातखर्चाच्या गावरान कोंबड्या, नुकसान जिवाला लागतंच.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. धडधाकट कोंबडी एका रात्रीत उपाशी मरत नाही. ती जाते उघड्या राहिलेल्या दारामुळे आणि उन्हाळ्यात पाण्यावाचून. म्हणून आधी दार, मग पाणी, मग दाणा.

दार कोण लावणार?

अंधार पडला की कोंबडीला नीट दिसत नाही, ती जागची हलत नाही. रानमांजर, उदमांजर, मोकाट कुत्री यांना तेच हवं असतं. मुंगूस तर दिवसाढवळ्याही येतो. म्हणून दिवस मावळल्यावर कोंबड्या मोजून दार लावणारा एक माणूस नक्की करा. "कोणीतरी पाहून घेईल" असं ठेवू नका. शेजारच्या काकूंना आदल्या संध्याकाळीच सोबत नेऊन खुराडं, कडी आणि कोंबड्यांची संख्या दाखवा. नुसती कडी पुरत नाही, तिला तार गुंडाळा किंवा कुलूप लावून किल्ली त्यांच्याकडे द्या.

बँटम वजनाला हलकी, चांगली उडते आणि झाडावर बसते. तुमच्या कोंबड्या लिंबाच्या झाडावर झोपत असतील, तर जाण्याच्या आठ दिवस आधीपासून सांजच्याला खुराड्यातच दाणे टाकून आत बसायची सवय लावा. ऐनवेळी शेजाऱ्याच्या हाती त्या लागणार नाहीत.

खुराड्याला भोकं असतील तर बुजवा. खिडकीला अर्धा इंच चौकोनाची जाड जाळी लावा. पातळ जाळी कुत्रं फाडतं.

पाणी आणि ऊन

कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकूनच अंगातली उष्णता बाहेर काढते. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42-45 अंशांवर जातो, तेव्हा टिनाच्या बंद खुराड्यात दुपारी कोंबड्या तडफडून मरू शकतात. उन्हाळ्यात सकाळी दार उघडणारा माणूस हवाच. तो नसेल तर खुराडं सावलीत, हवेशीर ठेवा आणि वरून ओलं पोतं टाका.

उन्हाळ्यात दर कोंबडीमागे दिवसाला अर्धा लिटर पाणी धरा. एक भांडं सांडलं तर दुसरं असावं, म्हणून जड बुडाची दोन मातीची भांडी ठेवा. लहान पिल्लं असतील तर भांडं उथळ घ्या आणि त्यात गोटे टाका, नाही तर पिल्लं बुडतात.

दाणा किती?

बँटमला दिवसाला 50-60 ग्रॅम, गावरान कोंबडीला 80-100 ग्रॅम पुरतो. ज्वारी, मका, तांदळाची कणी चालते. बुरशी आलेला मका किंवा शेंगदाणा देऊ नका. जास्तीचा दाणा उघड्यावर टाकला तर उंदीर येतात आणि उंदरांमागे साप.

औषधाचा डबा कधीच नको

2017 साली फवारणीच्या विषबाधेत आपल्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ते विष कोंबडीलाही तसंच बाधतं. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी त्यात पाणी ठेवू नका. औषध लावलेलं रंगीत बियाणं कोंबड्यांपुढे जाऊ देऊ नका. फवारणी करून आलेल्या माणसाने हात-पाय धुऊन, कपडे बदलूनच दाणा-पाणी करावं.

खुडूक कोंबडी आणि पिल्लं

खुडूक कोंबडी अंड्यांवर 21 दिवस बसते. तिला उचलू नका, दाणा-पाणी जवळ ठेवा. महिन्याच्या आतली पिल्लं आईसकट मजबूत डालग्याखाली, घरात माणूस असेल तिथे ठेवायला द्या. मात्र आपल्या कोंबड्या शेजाऱ्याच्या खुराड्यात मिसळू नका. भांडणं होतात आणि मानमोडीसारखा रोग पसरतो. मानमोडीला औषध नाही, लसच आहे. ती पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून वेळेवर द्या.

शेजाऱ्याला हे सांगून जा

• रात्री खुराड्याकडे टॉर्च आणि काठी घेऊनच जा. अंडी काढताना पाहिल्याशिवाय हात घालू नका, आत साप असू शकतो. साप चावलाच तर थेट सरकारी दवाखाना गाठा.
• अंडी रोज उचला. त्या दिवसाची अंडी तुमचीच.
• कोंबडी मेली तर खाऊ नका, उकिरड्यावर फेकू नका. हाताला पिशवी बांधून खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. एकापेक्षा जास्त मेल्या तर आधी पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा 1962 या नंबरवर कळवा.

परत आल्यावर आधी कोंबड्या मोजा. तुरा काळवंडलेला, हिरवी हगवण किंवा मान वाकडी दिसली, तर ती कोंबडी लगेच वेगळी ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. आणि काकूंना लग्नाचा लाडू न्यायला विसरू नका, पुढच्या वेळीही दार त्यांनाच लावायचं आहे.