सनद, वहिवाट आणि देवस्थानची जमीन

इ. स. १८१८ च्या फेब्रुवारी महिन्यात सातारा हस्तगत झाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी एक जाहीरनामा काढला. वतने, इनामे, वर्षासने, देवस्थाने व धर्मादाय संस्था यांचे पूर्वापार हक्क अबाधित राहतील, असे अभिवचन त्यात होते. त्याच वर्षी एप्रिलात जनरल मन्रो यांनी बेळगावचा किल्ला घेतला आणि या मुलुखातही कंपनीचा अंमल सुरू झाला. जुने ते चालवावयाचे, हे ठरले. परंतु जुने कोणते, हे ठरविण्याचा अधिकार मात्र नव्या राज्यकर्त्यांनी आपल्याकडे ठेवला. पुढील अर्धशतकाचा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो.

त्याची पहिली प्रचीती कित्तूरला आली. १८२४ मध्ये देसाई शिवलिंगरुद्र सर्जा निपुत्रिक वारले. त्यांचे दत्तविधान मान्य करण्यास धारवाडचे कलेक्टर थॅकरे यांनी नकार दिला. २३ ऑक्टोबर रोजी झालेल्या लढाईत थॅकरे ठार झाले. परंतु डिसेंबरात किल्ला पडला आणि राणी चन्नम्मा कैदेत गेल्या. निपाणीकर सिद्धोजीराव नाईक निंबाळकर हे १८३९ मध्ये निवर्तले व त्यांच्या पश्चात ते संस्थानही खालसा झाले. दत्तकाचा हक्क हा धर्मशास्त्राचा व कुलाचाराचा विषय. तो आता सरकारी मर्जीचा विषय बनला.

संस्थानिकांवर आलेला हा प्रसंग लवकरच सामान्य इनामदारांच्या दारी आला. १८४३ पासून दक्षिण मराठा मुलुखात इनामांची चौकशी सुरू झाली आणि १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला पक्के अधिष्ठान मिळाले. इनाम केव्हा, कोणी, कोणत्या अधिकाराने दिले, हे आता धारकाने सिद्ध करावयाचे होते. गावाची साक्ष व पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट पुरेशी मानली जाईना. निकालाविरुद्ध दिवाणी न्यायालयात दाद मागण्याची सोयही ठेवली नव्हती. पुण्याचे पेशवे दफ्तर या कामी ताडून पाहिले जाई. ज्या राज्याने इनामे दिली, त्याच राज्याचे कागद इनामदारांविरुद्ध पुरावा ठरू लागले.

या असंतोषाचा भडका १८५८ मध्ये नरगुंदला उडाला. पोलिटिकल एजंट मॅन्सन यांनी पूर्वी इनाम कमिशनमध्ये काम केले होते. नरगुंदकर भास्कररावांचे दत्तविधान सरकारने नाकारले होते. मे महिन्यात मॅन्सन मारले गेले आणि जूनमध्ये बाबासाहेबांना, म्हणजेच भास्कररावांना, बेळगावी फाशी देण्यात आले. पुढे १८६३ च्या कायद्यांनी चौकशीऐवजी तडजोडीचा मार्ग काढला: साधारणतः आकाराच्या चौथाईइतकी रक्कम दरसाल भरावी आणि सनद घ्यावी.

देवस्थानांच्या इनामांना या काळात निराळी वागणूक मिळाली, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट होय. व्यक्तीचा वंश खुंटतो, संस्था खुंटत नाही, या न्यायाने त्यांना कायमस्वरूपी समजण्याची तरतूद होती. नंदादीप, नैवेद्य व उत्सव यांचा खर्च ज्या उत्पन्नावर चालतो, ते उत्पन्न देवाचे, मालक कोणी माणूस नव्हे, हा विचार परकी कायद्यालाही मान्य करावा लागला. मुंबई राज्याने वैयक्तिक इनामे रद्द करण्याचा कायदा १९५३ मध्ये अंमलात आणला, त्यातूनही देवस्थानची इनामे वगळलेली होती. तथापि कागदावाचून हा विचार सिद्ध होत नाही, हेही तितकेच खरे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. पेशवे दफ्तर मात्र पुण्यातच राहिले. देऊळ एका राज्यात, त्याच्या इनामाची मोडी नोंद दुसऱ्या राज्यात, अशी अनेक गावांची स्थिती झाली. म्हणून महाजनांच्या घरी जुन्या पेटीत असलेली सनद, ताळेबंद वा कैफियत ही रद्दी नव्हे. ज्या पूर्वजांनी ती जपली, त्यांनी देवाची जमीनच जपली. ती सांभाळणे, तिचे मोडी वाचून घेणे आणि तिच्या प्रती करून ठेवणे हीही देवाची सेवाच होय.