मेंदूचा टीबी: गोळ्यांसोबत स्टिरॉइड का देतात?

मेंदूच्या टीबीत (टीबी मेनिंजायटिस) स्टिरॉइड लिहून दिले की नातेवाईक हमखास विचारतात, "डॉक्टर, स्टिरॉइड वाईट असते ना?" काही जण घरी गेल्यावर ते परस्पर बंद करतात. म्हणून त्याचे काम समजून घ्या.

रक्त-मेंदू अडथळा म्हणजे काय?
मेंदूतील बारीक रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. त्यामुळे रक्तातील प्रत्येक गोष्ट मेंदूत शिरत नाही. मेंदूच्या आवरणांत काही रोगप्रतिकारक पेशी पहारा देतात, पण रक्तातील पांढऱ्या पेशी फार थोड्या आत येतात. निरोगी प्रौढाच्या पाठीतून काढलेल्या पाण्यात दर घनमिलिमीटरमध्ये त्या साधारण 5 पेक्षा जास्त नसतात.

टीबीत काय बिघडते?
जंतू आवरणांत वाढू लागले की पहाऱ्यावरच्या पेशी रासायनिक संदेश सोडतात. अडथळा सैल होतो आणि रक्तातून पांढऱ्या पेशी मोठ्या संख्येने आत येतात. पाण्याच्या रिपोर्टमध्ये वाढलेले लिम्फोसाइट दिसतात, ते हेच. जंतूंशी लढायला त्या हव्याच असतात. पण कवटीत सुजेला जागा नसते. मेंदूच्या तळाशी चिकट स्राव साचतो. त्याने पाण्याची वाट अडली तर डोक्यात पाणी साठते. रक्तवाहिनी अरुंद झाली तर लकवा होऊ शकतो.

स्टिरॉइड काय करते?
टीबीच्या गोळ्या जंतू मारतात, स्टिरॉइड ही सूज आवरते. व्हिएतनाममधील 2004 च्या अभ्यासात डेक्सामेथासोन दिलेल्यांपैकी सुमारे 32 टक्के, तर न दिलेल्यांपैकी सुमारे 41 टक्के रुग्ण दगावले. रुग्णाला एचआयव्ही असल्यास डॉक्टरांना जरूर सांगा. तेव्हा निर्णय वेगळा असू शकतो.

घरी काय काळजी घ्याल?
• स्टिरॉइड सहसा 6 ते 8 आठवडे, डोस हळूहळू कमी करत देतात. ते अचानक बंद करू नका.
• मधुमेह असल्यास साखर वरचेवर तपासा.
• बरे वाटले तरी टीबीच्या गोळ्या डॉक्टर सांगतील तितके महिने घ्या. बहुधा 9 ते 12 महिने लागतात.
• डोकेदुखी वाढणे, उलट्या, गुंगी, झटके, दिसायला कमी होणे किंवा हातपाय लुळे पडणे यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. उपचार सुरू असतानाही सूज पुन्हा वाढू शकते. याचा अर्थ औषधे निकामी ठरली असा नाही. पण तपासणी लगेच हवी.