सिंहपुच्छ माकड

दक्षिण भारतातील पश्चिम घाटाच्या सदाहरित वनांत राहणारे, जगात अन्यत्र निसर्गतः न आढळणारे व संकटग्रस्त ठरलेले माकड. सर्कोपिथेसिडी कुलातील या प्राण्याचे शास्त्रीय नाव मकाका सायलेनस असून कन्नडमध्ये त्याला सिंगळीक, तर मलयाळममध्ये सिंहवालन कुरंगु म्हणतात.

वर्णन : अंगावरील केस चकचकीत काळे असून चेहऱ्याभोवती रुपेरी-करडी आयाळ आणि शेपटीच्या टोकाला गोंडा असतो. नराचे वजन सु. ५–१० किग्रॅ. भरते, मादी त्याहून लहान असते. याच वनांत राहणारे निलगिरी वानरही काळे असल्यामुळे दोहोंत गल्लत होते. मात्र वानराची शेपटी अधिक लांब असून तिला गोंडा नसतो.

प्रसार : कर्नाटक, केरळ व तमिळनाडू. सध्याची उत्तर सीमा उत्तर कन्नड जिल्ह्यातील शिरसी–होन्नावर परिसरात येते. ती पूर्वी गोव्यापर्यंत होती, असे काही जुन्या नोंदींवरून मानले जाते. तथापि हे मत सर्वमान्य नाही.

अधिवास व आहार : हे माकड बहुतेक सर्व वेळ वृक्षांच्या वरच्या थरात घालविते, त्यामुळे वन किती विस्तृत आहे याइतकेच त्याचे छत, म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या शेंड्यांचा थर, किती अखंड आहे हेही त्याच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते. फळे, बिया, मध, कीटक, सरडे व बेडूक हे त्याचे खाद्य होय. दक्षिणेकडील वनांत कुलेनिया एक्झारिलाटा या वृक्षाला विशेष स्थान असून, फांद्यांवर थेट येणारी त्याची मांसल फुले आणि काटेरी फळांतील बिया ही माकडे खातात. इतर फळांचा तुटवडा असताना हा वृक्ष त्यांचा मोठा आधार असतो. चारा गालांतील पिशव्यांत साठवून ती फिरत राहतात.

समाजजीवन : कळपात साधारणतः १०–२० माकडे व बहुधा एकच प्रौढ नर असतो.

प्रजनन : गर्भावधी सु. सहा महिन्यांचा असून एका वेळी एक पिलू होते. दोन वेतांतील अंतर अनेकदा दोन वर्षांहून अधिक असल्याने घटलेली संख्या सावकाश भरून येते.

ऱ्हास व संरक्षण : चहा-कॉफीचे मळे, रस्ते व धरणे यांमुळे वनांचे तुकडे झाले. अण्णामलई डोंगरातील वालपारई पठारावर मळ्यांनी वेढलेल्या अशा तुकड्यांत अडकलेले कळप जमिनीवर उतरून रस्ते ओलांडतात, घरांतील अन्नाला सरावतात आणि काही वाहनांखाली सापडतात. म्हणून तेथे रस्त्यांवर झाडांच्या शेंड्यांना जोडणारे झुलते पूल बांधण्यात आले आहेत. केरळमधील कुंतिपुळा नदीवरील नियोजित जलविद्युत् प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात हे माकड सायलेंट व्हॅलीच्या वनाचे प्रतीक बनले. प्रकल्प सोडून देण्यात आला व १९८४ मध्ये ते वन राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत या प्राण्याचा समावेश आहे.